मंजूर झालेली राज्यघटना परत पाठवली जाते तेव्हा: दक्षिण आफ्रिका, १९९६

८ मे १९९६ रोजी केपटाउनमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या घटना परिषदेने नवी राज्यघटना मंजूर केली. बाजूने ४२१ मते पडली, विरोधात २, आणि १० सदस्य तटस्थ राहिले. ४९० जणांच्या सभागृहात हे ८५ टक्क्यांहून जास्त बहुमत होते, आणि ते मिळाले होते वर्णभेदाची राजवट संपल्यानंतरच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीतून आलेल्या सभागृहात. लोकांची मान्यता म्हणून याहून भक्कम काही दाखवणे अवघड. तरीही चार महिन्यांनी, ६ सप्टेंबरला, घटना न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की हा मजकूर आम्ही प्रमाणित करू शकत नाही. राज्यघटना परत गेली, दुरुस्त झाली, डिसेंबरमध्ये प्रमाणित झाली आणि ४ फेब्रुवारी १९९७ पासून लागू झाली.

एरवी न्यायालये राज्यघटनेच्या कसोटीवर कायदे तपासतात. इथे राज्यघटनाच कसोटीवर होती. ती कसोटी कुठून आली, न्यायालयाने नेमके काय नाकारले, आणि तेव्हा बसवलेली कुलुपे पुढच्या पंचवीसेक वर्षांत धरली का, हे या प्रकरणात पाहायचे आहे.

लिहायची कोणी?

फेब्रुवारी १९९० मध्ये आफ्रिकन नॅशनल काँग्रेसवरची (एएनसी) बंदी उठली आणि नेल्सन मंडेला सुटले. त्यानंतरच्या वाटाघाटींत लोकशाही हवी की नको हा वाद लवकरच मागे पडला. खरा पेच राज्यघटना लिहिण्याच्या अधिकाराचा होता. एएनसीचे म्हणणे होते की राज्यघटना निवडून आलेल्या सभागृहानेच लिहावी. वाटाघाटीच्या टेबलावर बसलेल्यांना लोकांनी निवडलेले नाही. सत्तेत असलेल्या नॅशनल पार्टीला दिसत होते की निवडणूक झाली की आपण अल्पमतात जाणार. तेव्हा जी काही हमी हवी ती निवडणुकीआधीच पदरात पडायला हवी. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर होत्या, आणि पेच सुटेना तो त्यामुळेच.

डिसेंबर १९९१ मध्ये केम्प्टन पार्क इथे सुरू झालेली बहुपक्षीय परिषद मे १९९२ मध्ये अडकली. अडकण्याच्या कारणांत एक वरवर क्षुल्लक वाटणारा प्रश्न होता: नवी घटना किती टक्के मतांनी मंजूर व्हावी, आणि तेवढी मते जमली नाहीत तर पुढे काय? नॅशनल पार्टीला दोन तृतीयांशापेक्षा चढे बहुमत हवे होते. एएनसीची भीती अशी की आकडा फार चढा ठेवला आणि कोंडी फोडण्याची वाट ठेवली नाही, तर अल्पमतातला पक्ष जुनीच व्यवस्था हवी तितकी लांबवू शकेल. घटनानिर्मितीत टक्केवारीवरून भांडणारे क्षुद्र ठरवले जातात. माझ्या मते ते सगळ्यात महत्त्वाच्या गोष्टीवर भांडत असतात.

तोडगा निघाला तो दोन टप्प्यांचा. पहिल्या टप्प्यात पक्षांनी एकत्र बसून हंगामी राज्यघटना (१९९३ चा कायदा क्रमांक २००) तयार केली. ती जुन्याच त्रिसभागृही (गोरे, मिश्रवर्णीय आणि भारतीय यांची वेगवेगळी सभागृहे असलेल्या) संसदेकडून रीतसर मंजूर करून घेतली, म्हणजे कायद्याचा धागा कुठे तुटला नाही. दुसऱ्या टप्प्यात निवडून आलेल्या परिषदेने अंतिम घटना लिहायची. मात्र हंगामी घटनेच्या चौथ्या परिशिष्टात जी घटनातत्त्वे नोंदवली होती, त्यांच्याशी अंतिम घटना जुळलीच पाहिजे. ही तत्त्वे ३४ होती. शेवटचे, स्वयंनिर्णयाविषयीचे, अगदी निवडणुकीच्या तोंडावर जोडले गेले, कारण आफ्रिकानर (मुख्यतः डच वंशाच्या गोऱ्यांच्या) उजव्या गटांना मतदानाच्या वाटेवर आणायचे होते.

यंत्रणेचा सांधा हंगामी घटनेच्या कलम ७१ मध्ये होता. अंतिम मजकुराची प्रत्येक तरतूद या तत्त्वांशी सुसंगत आहे असे घटना न्यायालयाने प्रमाणित केल्याशिवाय तो मजकूर लागूच होणार नाही. न्यायालयाचा तो निर्णय अंतिम राहील आणि पुढे कोणत्याही न्यायालयात तो उकरून काढता येणार नाही. कलम ७४ ने याच्याही मागचे दार बंद केले: घटनातत्त्वे आणि प्रमाणनाची अट यांत दुरुस्ती करण्याची मुभाच नव्हती. हे दुसरे दार उघडे राहिले असते, तर निवडून आलेल्या बहुमताने आधी तत्त्वे बदलली असती आणि मग त्यांच्याशी जुळणारी घटना लिहिली असती.

भारतीय वाचकाला इथे १९७३ चा केशवानंद भारती निकाल आठवेल. फरक असा की भारतात घटनेची मूलभूत चौकट न्यायालयाने नंतर, निकालातून शोधली. दक्षिण आफ्रिकेत ती लेखी स्वरूपात, घटना लिहायला बसण्याआधी, पक्षांनी आपसांत ठरवून न्यायालयाच्या हाती दिली.

३१२ आणि ३२७

एप्रिल १९९४ च्या निवडणुकीत एएनसीला ६२.६५ टक्के मते मिळाली. राष्ट्रीय सभागृहाच्या ४०० जागांपैकी २५२ आणि सिनेटच्या ९० पैकी ६० जागा तिच्याकडे आल्या. दोन्ही सभागृहे एकत्र बसली की घटना परिषद होई. तिच्यात एएनसीचे ३१२, नॅशनल पार्टीचे ९९, इंकाथा फ्रीडम पार्टीचे ४८, आणि उरलेले ३१ फ्रीडम फ्रंट, डेमोक्रॅटिक पार्टी आदी चार छोट्या पक्षांचे. दोन तृतीयांश म्हणजे ३२७. एएनसी पंधरा मतांनी कमी पडत होती.

मते जमलीच नाहीत तर काय, याची पायरीपायरीची तरतूद हंगामी घटनेत होती. दोन तृतीयांश जमले नाही पण साधे बहुमत मिळाले, तर मसुदा स्वतंत्र घटनातज्ज्ञांकडे जाणार. त्यांना तोडगा काढायला ३० दिवस. तरीही जमले नाही तर साध्या बहुमताने मजकूर मंजूर करून, न्यायालयाचे प्रमाणन घेऊन तो सार्वमताला टाकायचा, आणि तिथे ६० टक्के मते मिळाली पाहिजेत. तेही हुकले तर परिषद बरखास्त, नवी निवडणूक, आणि नव्या परिषदेला एक वर्षाची मुदत, या वेळी ६० टक्क्यांच्या बहुमताने.

ही शिडी एकदाही चढावी लागली नाही, पण वाटाघाटींवर तिची सावली सतत होती. ६२.६५ आणि ६० हे आकडे शेजारी ठेवून पाहा. एएनसी सार्वमताची धमकी देऊ शकत होती, पण जिंकण्याची खात्री नव्हती: मतदानाला आलेल्यांचे प्रमाण जरा इकडेतिकडे झाले की ६० निसटले असते. विरोधकांनाही ठाऊक होते की फार ताणले तर आपल्याशिवाय घटना होऊ शकते. शिडीची पहिली पायरी इतकी चढी नाही की बहुमत हतबल व्हावे, आणि शेवटची इतकी सोपी नाही की त्याने विरोधकांकडे पाठ फिरवावी. कोंडी फोडण्याची तरतूद लिहिताना आकडे असेच एकमेकांसमोर ठेवून तपासायचे असतात.

परिषदेचे अध्यक्ष सिरिल रामाफोसा आणि उपाध्यक्ष नॅशनल पार्टीचे लिऑन वेसेल्स. मुदत राष्ट्रीय सभागृहाच्या पहिल्या बैठकीपासून, म्हणजे ९ मे १९९४ पासून, दोन वर्षे. लोकांकडून सुमारे वीस लाख निवेदने आली. त्यांतली बहुतेक सह्यांच्या अर्जांच्या रूपात होती, तेव्हा या आकड्याने फार दिपून जाऊ नये. इंकाथाने १९९५ मध्येच परिषदेवर बहिष्कार टाकला. मुदत सरत आली तेव्हा तीन गाठी सुटत नव्हत्या: मालमत्तेचे कलम, एकाच भाषेतून शिकवणाऱ्या शाळा, आणि मालकांना टाळेबंदीचा घटनात्मक हक्क द्यायचा की नाही. घाईत जोडलेल्या तडजोडींपैकी एक पुढे न्यायालयात उसवली. ती मजूर कायद्याविषयी होती.

न्यायालयापुढे

घटना न्यायालय स्वतः नवे होते. फेब्रुवारी १९९५ मध्ये त्याचे उद्घाटन झाले होते आणि अध्यक्ष होते आर्थर चास्कलसन. जूनमध्ये त्याने फाशीची शिक्षा घटनाबाह्य ठरवली. सप्टेंबरमध्ये त्याने राष्ट्राध्यक्ष मंडेलांनी स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कायद्यात केलेले बदल रद्द केले. संसदेला आपला कायदा बदलण्याचा अधिकार अशा रीतीने कार्यकारी सत्तेच्या हाती देता येत नाही, असे कारण दिले. मंडेलांनी तो निकाल जाहीरपणे मान्य केला. प्रमाणनाच्या वेळी न्यायालयाचा शब्द सहज स्वीकारला गेला, त्याची पायाभरणी बहुधा इथे झाली होती.

प्रमाणनाला पाच राजकीय पक्षांनी आणि ८४ खासगी व्यक्ती-संस्थांनी आक्षेप नोंदवले. सुनावणी १ ते ११ जुलै १९९६ दरम्यान झाली. न्यायालयाने आपली मर्यादा आधीच स्पष्ट केली: मजकूर शहाणपणाचा आहे का हा आमचा प्रश्न नाही, तत्त्वांशी जुळतो का एवढेच आम्ही पाहणार. तत्त्वे सुटी सुटी, शब्दावर बोट ठेवून न वाचता एकत्र आणि त्यांचा हेतू लक्षात घेऊन वाचायची. एखाद्या तरतुदीचे दोन अर्थ निघत असतील आणि त्यांतला एक तत्त्वांत बसत असेल, तर तोच धरायचा, आणि पुढच्या न्यायालयांनीही तोच पाळायचा. ही शेवटची अट फार कामाची. तिच्याविना प्रमाणनाच्या वेळी सौम्य अर्थ सांगून मजकूर पुढे सरकवायचा आणि नंतर कडक अर्थ काढायचा, ही पळवाट राहिली असती.

बहुतेक आक्षेप फेटाळले गेले. गर्भपात, मालमत्ता, खासगी व्यक्तींवरही मूलभूत हक्क बंधनकारक करणे, टाळेबंदीचा हक्क नसणे: यांतल्या कशाबाबतही तत्त्वे वेगळे काही मागत नव्हती. आपल्याला न आवडलेली तरतूद आणि तत्त्वांत न बसणारी तरतूद यांत फरक आहे, हे अनेक आक्षेपकांच्या पचनी पडले नाही.

अडकलेल्या जागा नऊ होत्या. काही चटकन सांगता येतात. सामूहिक वाटाघाटींचा हक्क मालकांच्या संघटनांना दिला होता, एकट्या मालकाला नाही. तत्त्वात मात्र दोघेही होते. दोन साध्या कायद्यांना, १९९५ च्या मजूर संबंध कायद्याला आणि वर्णभेदाच्या काळातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सत्य व सलोखा आयोगाच्या कायद्याला, न्यायालयीन तपासणीपासून मोकळे ठेवले होते. घटना सर्वोच्च आहे असे म्हणायचे आणि दोन कायदे तिच्या कक्षेबाहेर काढायचे, हे एकत्र नांदत नाही. मजूर कायद्याची ढाल कामगार संघटनांच्या समाधानासाठी होती: टाळेबंदीचा हक्क घटनेतून निघाला तरी मालक तो कायदाच न्यायालयात पाडतील अशी त्यांना धास्ती होती. हीच ती घाईतली तडजोड. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रकरणात रचना, करांचे अधिकार आणि कायदे करण्याची रीत यांची चौकटच पुरेशी नव्हती. लोकसेवा आयोगाचे स्वातंत्र्य तोकडे होते आणि त्याने नेमके काय करायचे हेही स्पष्ट नव्हते.

उरलेल्या जागांवर थांबून पाहण्यासारखे आहे.

कलम ७४: आकडा आहे, रीत नाही

परिषदेने लिहिलेल्या नव्या घटनेतले कलम ७४ (हंगामी घटनेतले कलम ७४ वेगळे) वाचले तर घटना सहज बदलता येईल असे वाटत नाही. दुरुस्तीला राष्ट्रीय सभागृहाच्या दोन तृतीयांश सदस्यांची संमती लागणार होती. न्यायालयाने तत्त्वाचे शब्द समोर ठेवले: दुरुस्तीसाठी विशेष बहुमताचा समावेश असलेली विशेष कार्यपद्धती हवी. विशेष बहुमत होते, विशेष कार्यपद्धती कुठे होती? मसुद्यात घटनादुरुस्तीचे विधेयक एरवीच्या विधेयकासारखेच पुढे सरकत होते, फक्त शेवटच्या मतमोजणीत आकडा मोठा. दुसरी उणीव अशी की हक्कांच्या सनदेला बाकीच्या कलमांइतकेच संरक्षण होते. दुसऱ्या तत्त्वानुसार मूलभूत हक्क खोलवर रुजवलेले असायला हवेत. सगळ्यांना सारखेच कुलूप असेल तर सनद वेगळी रुजवली असे म्हणता येत नाही.

हा शब्दच्छल नाही. आकडा एका दिवसात जमतो, विशेषतः पक्षाचा आदेश कडक असेल तर. कार्यपद्धतीला दिवस लागतात, आणि त्या दिवसांत लोकांना कळते, प्रांत बोलतात, वृत्तपत्रे लिहितात. ज्या पक्षाकडे आकडा आहे त्याला आकड्याचे कुलूप दिसतही नाही. रीतीचे कुलूप त्यालाही उघडत बसावे लागते.

दुरुस्त कलम ७४ मध्ये तीन पातळ्या आल्या. प्रजासत्ताकाची पायाभूत मूल्ये सांगणारे कलम १ आणि स्वतः कलम ७४(१) बदलायचे तर राष्ट्रीय सभागृहात ७५ टक्के आणि प्रांतांच्या राष्ट्रीय परिषदेत (सिनेटच्या जागी येणारे सभागृह) नऊपैकी सहा प्रांत. हक्कांची सनद बदलायची तर दोन तृतीयांश आणि सहा प्रांत. बाकी कलमांना दोन तृतीयांश, आणि विषय प्रांतांशी निगडित असेल तर तिथेही सहा प्रांत. वर रीत: विधेयक मांडण्याच्या किमान ३० दिवस आधी राजपत्रात प्रसिद्धी, प्रांतिक विधिमंडळांची मते मागवणे, मांडल्यावर आणखी ३० दिवस गेल्याशिवाय मतदान नाही, आणि दुरुस्तीच्या विधेयकात दुसरा कुठलाही विषय घुसडायचा नाही. हे शेवटचे पोटकलम मला विशेष आवडते. मोठ्या विधेयकाच्या पोटात छोटी दुरुस्ती दडपण्याची सवय जगभरच्या संसदांना आहे.

हटवायला किती मते?

मसुद्यात महालेखापरीक्षक आणि पब्लिक प्रोटेक्टर ही दोन स्वतंत्र पदे होती. दुसरे पद आपल्याकडच्या लोकपालाशी नाते सांगणारे: सरकारी कारभारातल्या गैरव्यवहाराची चौकशी करून काय दुरुस्त करायचे ते सांगणारे. दोन्ही पदे स्वतंत्र आणि निःपक्षपाती असतील असे मसुदा म्हणत होता. गैरवर्तन, असमर्थता किंवा अपात्रता अशी कारणे असतील तरच हटवता येईल, हेही होते. पण सभागृहाच्या समितीचा तसा निष्कर्ष आला की ठरावाला साधे बहुमत पुरत होते.

न्यायालयाने विचार केला तो या पदांच्या कामाचा. ज्यांच्यावर ती देखरेख ठेवतात ते मंत्री आणि अधिकारी बहुसंख्य पक्षाचेच असणार. मग त्याच पक्षाच्या साध्या बहुमताने पद जाऊ शकत असेल, तर स्वातंत्र्याचे वाक्य कागदावरच राहते. नव्या मजकुरात या दोन पदांसाठी आकडा दोन तृतीयांश झाला, म्हणजे ४०० पैकी २६७.

प्रांतांचा तराजू

नऊ आक्षेपांत निवाडा करायला सगळ्यात अवघड हाच असणार. अठराव्या तत्त्वात म्हटले होते की प्रांतांचे अधिकार हंगामी घटनेतल्यापेक्षा ठळकपणे कमी किंवा दुय्यम नसावेत. ठळकपणे म्हणजे किती, हे वाटाघाटीच्या टेबलावर कोणी ठरवले नाही, आणि ठरवले असते तर बहुधा समझोताच झाला नसता. संदिग्ध शब्दावर सह्या मिळतात. त्याचे मोल पुढे न्यायाधीशाला चुकवावे लागते.

न्यायालयाने एकेका अधिकाराची तुलना न करता सगळ्यांचे मिळून वजन केले. नव्या मजकुरात प्रांतांना काही मिळालेही होते: सिनेटच्या जागी येणाऱ्या राष्ट्रीय परिषदेत प्रत्येक प्रांताचे दहा प्रतिनिधी, आणि प्रांतांशी निगडित विषयांत प्रांतागणिक एक मत. म्हणजे सर्व प्रांतांची मिळून ताकद वाढली. पण एकट्या प्रांताचे हात आखडले गेले. पोलिसांवरचा अधिकार घटला, आणि राष्ट्रीय व प्रांतिक कायद्यांत संघर्ष झाला तर राष्ट्रीय परिषदेने मंजूर केलेला कायदा राष्ट्रहिताचाच आहे असे गृहीत धरले जाणार होते. या गृहीतकाने प्रांताला न्यायालयात झगडण्याआधीच अर्धे हरवले होते. पारडे खाली गेले.

दुरुस्तीत ते गृहीतक निघाले. त्याऐवजी आले ते एवढेच की न्यायालयाने राष्ट्रीय परिषदेची मंजुरी किंवा नकार विचारात घ्यावा. पोलिसांबाबतचे काही अधिकार परतले. लोकसेवा आयोगाच्या चौदा सदस्यांपैकी नऊ, प्रांतागणिक एक, असे ठरले. दुसऱ्या निकालात न्यायालयाने मान्य केले की प्रांतांचे अधिकार अजूनही हंगामी घटनेपेक्षा कमीच आहेत, पण आता ठळकपणे नाहीत. त्याच ६ सप्टेंबरला न्यायालयाने क्वाझुलू-नाताल प्रांताची स्वतःची राज्यघटनाही नाकारली होती, कारण तिने प्रांताकडे नसलेले अधिकार बळकावले होते. एकाच दिवशी केंद्राला आणि प्रांताला दोघांनाही आपापली रेघ दाखवली गेली.

पहिल्या निकालाच्या शेवटी न्यायालयाने नोंदवले की मजकुराचा बहुतांश भाग तत्त्वांत बसतो आणि उणिवा दूर करण्यात मोठी अडचण येऊ नये. परत पाठवणाऱ्याने वाटही मोकळी ठेवली. ३५ दिवसांत, ११ ऑक्टोबरला, परिषदेने दुरुस्त मजकूर मंजूर केला. ४ डिसेंबरला तो प्रमाणित झाला आणि १० डिसेंबरला मंडेलांनी शार्पविलमध्ये त्यावर सही केली.

कुलुपे धरली का?

प्रमाणनानंतर ३४ तत्त्वांचे काम संपले. पुढच्या दुरुस्त्यांना त्यांच्याशी जुळण्याची सक्ती नाही. म्हणजे नंतरचा बचाव कलम ७४ सारख्या तरतुदींवरच उभा आहे. तेव्हा आकडे पाहू.

१९९९ मध्ये एएनसीला २६६ जागा मिळाल्या, दोन तृतीयांशाला एक कमी. २००४ मध्ये २७९, आणि नऊही प्रांतांची सत्ता. याचा अर्थ २००४ ते २००९ या काळात एकच पक्ष हक्कांची सनदसुद्धा एकट्याच्या बळावर बदलू शकत होता. आकड्याच्या कुलुपाची किल्ली त्याच्याच खिशात होती. याच काळात, २००५ मध्ये, बाराव्या घटनादुरुस्तीने मताटिएले हा भाग क्वाझुलू-नातालमधून काढून ईस्टर्न केप प्रांताला जोडला. संख्येची अडचण नव्हतीच. पण ज्या प्रांताची सीमा बदलते त्याच्या विधिमंडळाची संमती लागते, आणि विधिमंडळाने कामकाजात लोकांना सहभागी करून घेणे बंधनकारक आहे. क्वाझुलू-नातालच्या विधिमंडळाने जनसुनावणी न घेताच संमती दिली. ऑगस्ट २००६ मध्ये घटना न्यायालयाने दुरुस्तीचा तो भाग अवैध ठरवला आणि चूक निस्तरायला १८ महिने दिले. सुनावण्या झाल्या, तेराव्या दुरुस्तीने तोच बदल पुन्हा केला, आणि मताटिएले आज ईस्टर्न केपमध्येच आहे. तिथल्या विरोधकांची निराशा समजण्यासारखी आहे. रीतीचे कुलूप रीत पाळायला लावते, हवा तो निकाल मिळवून देत नाही.

हटवण्याच्या आकड्याची परीक्षा पुढे झाली. मार्च २०१४ मध्ये पब्लिक प्रोटेक्टर थुली मडोन्सेला यांनी राष्ट्राध्यक्ष जेकब झुमा यांच्या एन्कांडला इथल्या खासगी घरावर झालेल्या सरकारी खर्चाचा अहवाल दिला. सुरक्षेच्या नावाखाली झालेल्या कामांचा खर्च सुमारे २४ कोटी ६० लाख रँड होता, आणि त्यांत पोहण्याचा तलाव, गुरांचा गोठा, कोंबड्यांचे खुराडे, प्रेक्षागृह असे बरेच काही होते. सुरक्षेशी संबंध नसलेल्या कामांचा वाजवी हिस्सा झुमांनी भरावा, असे अहवालाने सांगितले. राष्ट्रीय सभागृहाने अहवाल बाजूला सारून झुमांना मोकळे केले. हे करायला साधे बहुमत पुरले. अहवाल आला त्या दिवशी एएनसीकडे २६४ जागा होत्या, २६७ ला तीन कमी. मे २०१४ च्या निवडणुकीनंतर २४९. मूळ मसुदा तसाच प्रमाणित झाला असता तर ज्या बहुमताने अहवाल बाजूला सारला, तेच बहुमत अहवाल लिहिणाऱ्याला हटवायलाही पुरले असते. तसा प्रयत्न झाला असता असे मी म्हणत नाही; १९९६ च्या न्यायालयाने ज्या संभाव्यतेचा विचार केला, तिची आकडेमोड तेवढी अशी जुळते. ३१ मार्च २०१६ रोजी घटना न्यायालयाने एकमताने ठरवले की पब्लिक प्रोटेक्टरने सांगितलेले उपाय बंधनकारक असतात, आणि राष्ट्राध्यक्ष व राष्ट्रीय सभागृह दोघेही घटनेने घातलेले कर्तव्य पाळण्यात चुकले. सप्टेंबरमध्ये झुमांनी ७८ लाख १४ हजार १५५ रँड भरले.

मडोन्सेलांच्या जागी आलेल्या बुसिसिवे म्खवेबाने यांना मात्र सप्टेंबर २०२३ मध्ये पदावरून काढले गेले. समितीची दीर्घ चौकशी झाली आणि ठरावाच्या बाजूने ३१८ मते पडली, २६७ च्या बरीच वर. एका पक्षाच्या बळावर हे जमले नसते. विरोधी पक्षांची मते त्यात होती.

आणि डिसेंबर २०२१ मध्ये भरपाई न देता जमीन ताब्यात घेता यावी म्हणून मालमत्तेचे कलम २५ बदलण्याचे विधेयक सभागृहात आले. हे कलम हक्कांच्या सनदेत मोडते. बाजूने २०४ मते पडली, विरोधात १४५. साध्या मोजणीत विधेयक जिंकले होते, घटनेच्या मोजणीत ६३ मतांनी पडले. २०२४ च्या निवडणुकीनंतर एएनसीकडे १५९ जागा आहेत आणि डेमोक्रॅटिक अलायन्सकडे ८७. देशातले हे दोन सर्वांत मोठे पक्ष एकत्र आले तरी बेरीज २४६ होते, २६७ ला २१ कमी.